माणसाचा भाव आणि कारभाऱ्याची कबुली

मालकाच्या वतीने माणसांचा भाव ठरविणारा अधिकारी ‘माझे चुकले’ असे उघडपणे म्हणतो, असे प्रसंग विरळा. आज सांगणार आहे तो प्रसंग अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमधला आहे. खेळाच्या गोष्टी या व्यासपीठावर कशाला, असे काहींच्या मनात येईल. परंतु एन.बी.ए. हा तीस संघांच्या मालकांचा धंदा आहे. आणि जेथे धंदा तेथे करार, संघटना व टाळेबंदी ही आलीच. २०११ साली १ जुलै ते ८ डिसेंबर असे १६१ दिवस मालकांनी टाळेबंदी केली. तडजोड झाली तेव्हा उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवरून निम्म्याच्या आसपास उतरला होता. लक्षावधी डॉलर कमावणाऱ्यांची कसली आली पिळवणूक, असे कोणी म्हणेल. शिखरावरच्यांपुरते ते खरेही आहे. पण तळाशी, आज आत तर उद्या बाहेर, असे खेळाडू असतात. गिरणीच्या दारात उभा राहणारा बदली कामगार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगणे नलगे.

जेरेमी लिन हा अशांपैकीच एक. आईवडील तैवानहून आलेले, स्वतः कॅलिफोर्नियात वाढलेला, हार्वर्ड विद्यापीठाकडून खेळलेला. २०१० च्या वार्षिक निवडीत संघांनी साठ खेळाडू उचलले. त्यांत तो नव्हता. पुढे गोल्डन स्टेट संघाने त्याला घेतले आणि टाळेबंदी उठल्याच्या दुसऱ्याच दिवशी काढून टाकले, कारण दुसऱ्या एका खेळाडूसाठी वेतनमर्यादेत जागा करायची होती. ह्यूस्टनने घेतले, नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनीही काढले. मग न्यूयॉर्क. तेथे तो भावाच्या घरी कोचावर झोपत असे. १० फेब्रुवारी २०१२ पर्यंत टिकला तर उरलेल्या हंगामाचा पगार पक्का होणार होता. त्याआधीच त्याला काढावे असा विचार चालू होता. पराभव व दुखापती यांनी संघ जेरीस आला म्हणून ४ फेब्रुवारीला त्याला खेळविले. त्याने २५ गुण मिळविले. १० तारखेला, बलाढ्य लेकर्सविरुद्ध, ३८!

ह्यूस्टनचे तेव्हाचे जनरल मॅनेजर डॅरिल मोरी हे आकडेशास्त्राने खेळाडू पारखण्याबद्दल प्रसिद्ध. त्यांनी त्याच दिवसांत जाहीर केले की लिनला ठेवायला हवे होते. तो इतका चांगला आहे हे ठाऊक नव्हते. ही कबुली व्यापाऱ्याची झाली: माल हातचा गेला, एवढीच हळहळ. खरी कबुली पुढे आली. मायकेल लुईस यांच्या २०१६ च्या पुस्तकात मोरी सांगतात की त्यांच्या गणिताने लिनला २०१० मध्ये पंधराव्या क्रमांकाच्या आसपास घ्यावे, असे दाखविले होते. पण सर्वांना, खुद्द मोरींनाही, तो अंगाने चपळ वाटला नाही. वर्षभराने खेळाडूंच्या पहिल्या दोन पावलांचा वेग मोजू लागले, तेव्हा मोजलेल्यांत लिनच सर्वांत वेगवान निघाला. मग तो मंद का वाटला? तो आशियाई वंशाचा आहे, याखेरीज दुसरे कारण मोरींना सापडले नाही.

मित्रहो, येथे क्षणभर थांबले पाहिजे. बाजार ज्याला त्याला गुणांप्रमाणे मोल देतो, असे आपल्याला सांगितले जाते. माणसाचे काम या खेळाइतके उघड्यावर, हजारोंच्या डोळ्यांदेखत आणि प्रत्येक हालचालीची नोंद ठेवून आणखी कोठे मोजले जाते? तेथे आकडा हाती असूनही डोळ्याने त्यावर विश्वास ठेवला नाही. मग बंद दाराआड पाच मिनिटांच्या मुलाखतीत माणसाचा भाव कसा ठरत असेल!

मोरींच्या सचोटीबद्दल मला आदर आहे. एका खेळाडूची तुलना त्याच्याच वंशाच्या दुसऱ्याशी करावयाची नाही, असा नियमही त्यांनी आपल्या निरीक्षकांना घालून दिला. आणि कितीतरी तुलना आपोआप बंद पडल्या. परंतु चुकीची किंमत कोणी मोजली असती? ह्यूस्टनने जुलै २०१२ मध्ये त्याच लिनला तीन वर्षांसाठी अडीच कोटी डॉलर देऊन परत आणले. त्यांची चूक पैशाने भरून निघाली. लिनला मात्र ती संधी चार-सहा दिवस उशिरा आली असती, तर कदाचित दुसरी मिळालीच नसती.

आणखी एक गोष्ट वृत्तपत्रांच्या जल्लोषात कोणाच्या ध्यानी आली नाही. १० फेब्रुवारीची ती तारीख कोणा कारभाऱ्याच्या पश्चात्तापातून आलेली नव्हती. खेळाडूंच्या संघटनेने मालकांशी केलेल्या सामुदायिक करारात ती लिहिलेली होती.