न मिटलेले वर्तुळ

ब्राझीलच्या लिजिया क्लार्क यांचे 1958 सालचे ‘ओवो लिनेआर’ हे चित्र आकाराने अगदी लहान आहे. त्याचा व्यास अवघा 33 सेंटिमीटर. गोल लाकडी फळीवर कारखान्यात वापरतात तसला सपाट काळा रंग, कुंचल्याची खूण कुठेच नाही. काठाने एक पांढरी रेघ जाते, पण फेरी पुरी करत नाही. चित्र पांढऱ्या भिंतीवर लागले की ही रेघ भिंतीत मिसळते, आणि जिथे ती नाही तिथे काळा रंग थेट बाहेर डोकावतो. चित्र नेमके कुठे संपले, हे नजरेला ठरवता येत नाही. माझ्या मते या चित्राचा विषय हाच आहे. चौकटीच्या आत काय काढावे, हा प्रश्नच क्लार्क यांनी बाजूला सारला आणि मुळात चौकट कशासाठी, हे विचारले.

कोणी म्हणेल, हा तर नुसता दृष्टिभ्रम, तोही युरोपातून उचललेला. यातले अर्धे खरे आहे. 1951 मध्ये साओ पाउलोच्या पहिल्या द्वैवार्षिक प्रदर्शनात स्विस कलावंत माक्स बिल यांच्या शिल्पाला पारितोषिक मिळाले, आणि त्यांच्या काटेकोर भूमितीने तिथल्या तरुण चित्रकारांना भारून टाकले. क्लार्क स्वतः पॅरिसमध्ये फेर्नां लेजे यांच्याकडे शिकल्या होत्या. पण 1954 पासून त्यांचे लक्ष वेगळ्याच रेषेकडे गेले. दार आणि त्याची चौकट, फरशी आणि फरशी यांच्यामध्ये जी बारीक फट राहते, ती रेषा कोणी काढलेली नसते. दोन वस्तू शेजारी आल्या की ती आपोआप होते. क्लार्क तिला सेंद्रिय रेषा म्हणत. भूमिती हिशेबाने आखलेली असते, ही रेषा वापरातून जन्मते. 1959 मध्ये रिओत कवी फेरेरा गुलार यांनी लिहिलेल्या निओकाँक्रीट कलाचळवळीच्या जाहीरनाम्यावर क्लार्क यांची सही आहे, आणि कलाकृतीला यंत्रासारखे न पाहता सजीवासारखे पाहावे, हा त्याचा आग्रह आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुढे 1960 पासून क्लार्क यांनी बिजागऱ्यांनी जोडलेले, हाताने उघडमीट करण्याचे धातूचे ‘बिशू’ घडवले. या शिल्पांच्या प्रसिद्धीमुळे आपण या जुन्या चित्रात नंतरचा अर्थ घुसवतो आहोत का? मला तसे वाटत नाही, कारण पुरावा फळीवरच आहे: ती रेघ 1958 मध्येच अर्धवट सोडलेली आहे, आणि ती पुरी करण्याचे काम तेव्हापासूनच पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे आले आहे.