मांडूतला इंग्रज पाद्री

(कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



इथून पहाटे निघून मांडू पाहून आलेले तुमच्यात खूप जण असतील. जहाज महाल, होशंगशाहाची कबर, रूपमतीचा मंडप सगळं आपल्याला दाखवलं जातं. पण याच गडावर एक तरुण इंग्रज पाद्री राहून गेला आणि त्यानं पाहिलेलं लिहून ठेवलं, हे सहसा कोणी सांगत नाही. त्याचं नाव एडवर्ड टेरी.

ऑक्सफर्डला शिकलेला टेरी १६१६ साली सुरतेला आला. मोगल बादशहा जहांगीराच्या दरबारातले इंग्रज वकील, म्हणजे राजदूत, सर टॉमस रो यांचा धर्मगुरू त्याच वर्षी अजमेरला वारला होता. ती जागा टेरीला मिळाली आणि १६१७ च्या सुरुवातीला माळव्यात तो रो यांना येऊन मिळाला. बादशहाचा मुक्काम मांडूला पडायचा होता. त्यासाठी बादशहाचा अधिकारी अब्दुल करीम मामुरी यानं तीन लाख रुपये खर्चून पडके महाल उभे केले. पण एवढ्या लवाजम्याला गडावरचं पाणी पुरेना. वकिलाचं बिऱ्हाड एका जुन्या मशिदीच्या आणि कबरीच्या आवारात होतं. तिथे रात्री सिंह शिरून मेंढरांवर पडे, आणि बादशहाच्या परवानगीवाचून त्याला मारता येत नसे.

टॉमस कोरियट हा पायी भटकत हिंदुस्थानात पोचलेला प्रवासी या बिऱ्हाडात टेरीच्या सोबतीला होता. घरातल्या एका भांडकुदळ परटिणीला कोरियटनं तिच्याच बोलीत सकाळी आठच्या आत कसं गप्प केलं, हे टेरीनं मोठ्या गमतीनं सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कोरियट सुरतेला वारला. त्याच्या अखेरच्या दिवसांबद्दल आपल्याला जे कळतं, ते बरंचसं टेरीमुळे.

दरबारातला बडा सरदार आसफखान याच्या मेजवानीचं वर्णन तर वाचावंच. वकिलापुढे सत्तर पदार्थ, यजमानापुढे साठ आणि पाद्र्यापुढे पन्नास! टेरीनं प्रत्येक चाखून पाहिला. पुढच्या वर्षी अहमदाबादेत साथ आली आणि नऊ दिवसांत वकिलाच्या घरातले सात इंग्रज दगावले. १६१९ मध्ये टेरी मायदेशी परतला.

त्याच्या लेखनाची दोन रूपं आहेत. १६२२ साली त्यानं हस्तलिखित राजपुत्र चार्ल्सला नजर केलं. ते १६२५ मध्ये पर्चस या इंग्रज संपादकाच्या प्रवाससंग्रहात छापलं गेलं. तोवर ते आटोपशीर होतं. मग १६५५ मध्ये त्यानं ते वाढवून स्वतंत्र जाडजूड पुस्तक काढलं आणि पानोपानी प्रवचनं घातली. विल्यम फॉस्टर यांनी १९२१ च्या आपल्या संग्रहात जुना, छोटा मजकूरच घेतला. माहिती हवी असणाऱ्याला तो पुरतो. मला मात्र ती प्रवचनं फार मोलाची वाटतात.

कारण १६५५ चं इंग्लंड आठवा. ज्या चार्ल्सला हस्तलिखित दिलं, त्याचा राजा होऊन १६४९ मध्ये शिरच्छेद झाला होता. टेरीच्या चर्चचं प्रार्थनापुस्तक बंद पडलं होतं. एकाच धर्माची माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली त्यानं पाहिली होती. उलट, तरुणपणी मोगल दरबारात फ्रान्सिस्को कोर्सी या कॅथलिक जेझुइटाशी, आपल्यातले वाद इथल्या लोकांपुढे मांडायचे नाहीत, असा समजुतीचा करार त्यानं पाळला होता. आता इंग्लंडमधल्या ग्रीनफर्डच्या चर्चमधला हा म्हातारा पाद्री आपल्या लोकांना हिंदुस्थान सांगतो: महिना पाच शिलिंगांवर राबणारे इमानी नोकर, वेळेवर नमाज पढणारे मुसलमान, जीवहत्या टाळणारे वाणी. आणि विचारतो की तुमचं काय?

तो उदार मनाचा होता, असं मी म्हणणार नाही. हिंदूंच्या आणि मुसलमानांच्या श्रद्धा त्याला अखेरपर्यंत चुकीच्याच वाटल्या, आणि त्यांच्याविषयी त्यानं कठोर शब्द वापरले. तरी इंग्रजांविषयी इथले लोक काय बोलत, ते त्यानं दडवलं नाही. ख्रिस्ती माणसं दारू पितात, मारतात, अन्याय करतात, हे सुरतेकडे ऐकलेलं त्यानं तसंच नोंदवलं.

१६४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाऱ्यांपुढे, त्यांची सात जहाजं सुखरूप परतली म्हणून, त्यानं आभाराचं प्रवचन दिलं होतं. सहाच वर्षांनी त्यानं छापलेल्या पुस्तकात बाजारातला एक प्रसंग आहे. गोरं गिऱ्हाईक मालाची किंमत फारच पाडून मागतं, तेव्हा दुकानदार त्याला विचारतो, मी तुम्हाला फसवायला काय ख्रिस्ती आहे?