कृत्रिम स्नायू : दुर्बल हाताला हलकी साथ



हातातील बळ गेलेल्या व्यक्तीला यंत्राचा आधार द्यावयाचा म्हटला, की पहिली अडचण उभी राहते ती वजनाची. विजेची मोटर, दंतचक्रे व धातूच्या पट्ट्या यांत शक्ती पुष्कळ असते. परंतु त्यांचा भार वाहावयाचा असतो तो त्याच दुर्बल हाताला. आधारच ओझे होऊ नये, यासाठी शास्त्रज्ञांनी जे प्रयत्न केले त्यांतून हलके कृत्रिम स्नायू निर्माण झाले.

या प्रयत्नांतील एक महत्त्वाचा टप्पा एका पित्याच्या तळमळीतून साकारला. जोसेफ मॅकिबेन हे अमेरिकेतील लॉस अलामोस येथील पदार्थवैज्ञानिक. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली, तेव्हा स्फोटाच्या कालनियंत्रणाची यंत्रणा त्यांच्याकडे होती. पुढे १९५० नंतरच्या दशकात त्यांच्या कन्येला पोलिओ झाला आणि तिच्या हातांतील शक्ती गेली. तिच्या बोटांना पुन्हा वस्तू धरता यावी, या एकाच हेतूने त्यांनी वायूच्या दाबावर चालणारा स्नायू विकसित केला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

त्याची रचना अत्यंत साधी आहे. रबराची एक नळी आणि तिच्याभोवती न ताणल्या जाणाऱ्या धाग्यांचे तिरके विणलेले आवरण, एवढेच त्याचे भाग. कांद्याची जाळीदार पिशवी रुंदीत ताणली, की तिची लांबी कमी होते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. येथेही तेच घडते. नळीत दाबयुक्त वायू सोडताच ती फुगते, जाळी रुंदावते आणि संपूर्ण स्नायू लांबीच्या सुमारे एक चतुर्थांशाने आखडतो. हे आखडणे हाताला बांधलेल्या पट्टीमार्फत बोटांपर्यंत पोहोचते व अंगठा आणि बोटे यांची चिमूट मिटते. वायू सोडून दिला, की बोटे पुन्हा मोकळी होतात.

हेच तत्त्व पुढे जपानमध्ये वेगळ्या गरजेसाठी उपयोगी पडले. टोकियो विज्ञान विद्यापीठाचे प्राध्यापक हिरोशी कोबायाशी यांनी अशा स्नायूंचा पाठीवर घालावयाचा पोशाख विकसित केला. वृद्धांना व रुग्णांना उचलणाऱ्या सेवकांच्या कमरेवरील ताण कमी करणे, हा त्याचा उद्देश. २०१९ साली आलेल्या त्याच्या एका प्रकाराचे वजन ४ किलोहून कमी होते; त्यात हवा हातपंपाने भरावयाची असल्याने वीज लागत नव्हती.

२०१४ साली टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील रे बॉमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मासेमारीचा नायलॉन दोरा व शिवणाचा धागा यांना घट्ट पीळ देऊन नवे स्नायू बनविले. उष्णता मिळताच ते आखडतात आणि तितक्याच लांबीच्या व वजनाच्या मानवी स्नायूच्या शंभरपट भार उचलतात. मात्र पुन्हा लांब होण्यासाठी ते थंड व्हावे लागतात, आणि दिलेल्या ऊर्जेचा फार थोडा अंश कामी येतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. स्नायू हलका झाला म्हणजे साधन हलके झाले, असे नव्हे. वायूची टाकी, पंप, विद्युत्‌घट व झडपा यांचे वजनही त्यात मिळवावे लागते. म्हणून साधनाची परीक्षा एका स्नायूच्या वजनावरून न करता, ते वापरणाऱ्या व्यक्तीच्या अंगावर एकंदर किती भार पडतो यावरून करणे उचित होय.

हा विवेक आपल्याकडेही आवश्यक आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींना स्वनिधीतील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. साधन साधे असो वा यंत्रचलित, ते देताना त्या व्यक्तीचे माप घेतले आहे काय, ते वापरण्याचा सराव तिला दिला आहे काय, आणि ते बिघडल्यास दुरुस्ती जवळपास होईल काय, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. समारंभात दिलेले साधन महिन्याभरात माळ्यावर गेले, तर खर्च झाला, साहाय्य झाले नाही.

मॅकिबेन यांच्यापुढे कोणतेही उद्दिष्टपत्रक नव्हते. एक मुलगी व तिचे दोन हात होते. साधनाची निवड करणाऱ्या प्रत्येकाने तीच दृष्टी ठेवली, तर विज्ञानाचे हे बळ खऱ्या गरजवंतापर्यंत पोहोचेल.