तटाच्या आतली शिबंदी



बऱ्हाणपूरहून खांडव्याच्या वाटेला लागलेल्या प्रवाशाला थोड्याच अंतरावर असीरगडाचा तट दिसू लागतो. हा गड अकबरासारख्या बादशहालाही तटाला खिंडार पाडून घेता आला नाही. महिनोन्महिन्यांच्या वेढ्यानंतर, 1601 साली, तो शरणागतीने त्याच्या हाती आला. मेंदूज्वराने आजारी पडलेल्या मुलाविषयी बोलताना मला या गडाची आठवण होते, ती एका फरकासह: मेंदूभोवतीचा तटही असाच दुर्भेद्य आहे, परंतु त्याच्या आत शिबंदी जवळजवळ नाहीच.

मेंदूच्या आवरणांमधून जे द्रव खेळते ते निरोगी मुलामध्ये निवळशंख असते. त्याच्या एका घनमिलिमीटरात पाचांहून अधिक पांढऱ्या पेशी सहसा सापडत नाहीत, आणि रक्तात ज्यांचा मुबलक साठा असतो ती प्रतिद्रव्ये व त्यांना साहाय्य करणारी पूरक प्रथिने येथे नाममात्र असतात. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या नावाने ओळखला जाणारा हिमोफिलस हे जंतू धडधाकट मुलांच्याही नाकाघशात बिनबोभाट वस्ती करून असतात. त्यांच्या अंगावर शर्करेचे कवच असल्यामुळे भक्षक पेशींना ते सहजी गिळता येत नाहीत. क्वचित एखाद्या मुलाच्या रक्तात त्यांचा शिरकाव होतो, आणि तेथून तट ओलांडून ते आत पोहोचले की त्यांच्या वाढीला अटकाव करणारे तेथे कोणीच नसते.

यापुढचा भाग वैद्यकाच्या पुस्तकांत परिच्छेदाने आटोपला जातो; माझ्या मते त्याला स्वतंत्र अध्याय हवा. जंतूंच्या आवरणाचे तुकडे द्रवात मिसळताच धोक्याची इतल्ला देणारी रसायने स्रवू लागतात, रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात आणि रक्तातील पांढऱ्या पेशी हजारोंनी आत धाव घेतात. द्रव गढूळ होते, त्यातील साखर घटते, प्रथिने वाढतात. परंतु जंतूंना गिळण्याजोगे करणारी प्रतिद्रव्ये हाताशी नसल्यामुळे उशिरा आलेली ही फौज शत्रूपेक्षा गडाचीच अधिक नासधूस करते: मेंदूला सूज येते, कवटीतील दाब वाढतो, कानाच्या आतील नाजूक रचना दुखावते, आणि प्राण वाचलेले मूल कधी कधी कायमचे बहिरे होते. प्रतिजैविकाने जंतू फुटू लागले म्हणजे त्यांचे तुकडे एकदम सुटून हा दाह काही काळ भडकतोही. म्हणून, विशेषतः हिबच्या दुखण्यात, डेक्सामेथासोन हे दाहशामक औषध प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेच्या आधी किंवा तिच्याबरोबरच देण्याची तजवीज डॉक्टर करतात. त्याने बहिरेपणाचा धोका कमी होतो.

तेव्हा खरा बंदोबस्त तटाच्या आत नव्हे, रक्तातच, आणि तोही आगाऊ व्हावयास हवा. पण तान्ह्या बाळाची अडचण अशी की, फॉदरगिल आणि राइट यांनी 1933 साली दाखविल्याप्रमाणे, आईकडून आलेले हिबविरोधी संरक्षण काही महिन्यांतच ओसरते, आणि शर्करेच्या कवचाविरुद्ध स्वतःची प्रतिद्रव्ये घडविण्याची पात्रता त्याच्या अंगी साधारणपणे दोन वर्षांपर्यंत येत नाही. या मधल्या पोकळीतच हा रोग सर्वाधिक बळी घेत असे. रॉबिन्स, श्नीरसन, अँडरसन आणि स्मिथ या संशोधकांनी ती शर्करा एखाद्या प्रथिनाशी जोडून दिली, आणि ज्या शरीराला नुसती शर्करा ओळखता येत नव्हती त्याला प्रथिनाच्या साहाय्याने ती ओळखता येऊ लागली. शिवाय तिची स्मृतीही राहू लागली. याच तत्त्वावर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली, अर्ध्या डॉलरहूनही कमी किमतीची लस 2010 साली बुर्किना फासो येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली, आणि आफ्रिकेच्या मेंदूज्वर-पट्ट्यातून ‘अ’ गटाच्या मेनिंगोकॉकसची साथ जवळजवळ नाहीशी झाली. आपल्या मराठी मुलखातून बाहेर गेलेल्या वस्तूंत याहून अभिमानास्पद वस्तू मला तरी चटकन आठवत नाही.

आपल्या मध्य प्रदेशात हिबचा समावेश असलेली पंचगुणी लस सरकारी दवाखान्यांत सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात विनामूल्य मिळते. न्यूमोकॉकसची लस 2018 पासून मिळू लागली असून ती सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि पुन्हा नवव्या महिन्यात देतात. मागावरची पाळी चुकेल म्हणून किंवा केळीच्या बागेत काम आहे म्हणून ही तारीख पुढे ढकलू नये; पोकळीचे महिने मोजकेच आहेत.

आणि लस झालेली असो वा नसो, तान्हे मूल तापाने फणफणले असून टाळू फुगली आहे, ते दूध ओढत नाही, सुस्त पडले आहे किंवा त्याला झटके येत आहेत, असे दिसल्यास मान ताठ होण्याची वाट पाहू नका. इतक्या लहान वयात ती ताठ होतेच असे नाही. डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासावे असे सांगितले, तर त्या तपासणीने मूल पांगळे होते या जुन्या समजुतीपायी नकार देऊ नका, आणि रात्र असली तरी सकाळ होऊ देऊ नका.