पालेंकेचा प्रवास
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



परदेशगमन म्हणजे पैशाची उधळपट्टी, असा आपल्यातील पुष्कळांचा समज आहे. मेक्सिको देशाच्या दक्षिणेस चियापास प्रांतात पालेंके या नावाचे प्राचीन नगर आहे. ते पाहून आल्यापासून आमचा तरी हा समज उरला नाही. त्या प्रवासाची हकीकत सांगावी, अशी चिटणीसांची आज्ञा झाली, म्हणून आम्ही उभे आहोत.

प्रथम एक खुलासा. हे नगर वसविणारे लोक ‘माया’ या नावाने ओळखले जातात. आपल्या वेदान्तातील मायेशी किंवा महाभारतातील मयासुराशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. नामसाम्यावरून नाते जोडण्याचा मोह आम्हांसही झाला होता. तो कसा गेला, तेच आज सांगावयाचे आहे.

मेरिदा शहराहून आम्ही रात्रीच्या बसने निघालो. त्यामुळे एका मुक्कामाचे भाडे वाचले. पालेंके गावात एका साध्या खानावळीवरच्या खोलीत पथारी टाकली. गावापासून अवशेष सात-आठ किलोमीटरांवर आहेत. टॅक्सी करण्याचे कारण नाही. तेथे ‘कोलेक्तिवो’ नावाच्या गाड्या धावतात. आपल्याकडील वडापचाच तो प्रकार. हात केला की थांबते, माणसे भरली की सुटते. खाण्याचे म्हणाल, तर मक्याची भाकरी आणि काळ्या घेवड्याची उसळ यांवर शाकाहारी माणसाचे सुखाने भागते. मात्र घेवडा पुष्कळदा डुकराच्या चरबीत शिजवितात. म्हणून ‘सिन मांतेका’, म्हणजे चरबीविना, हे दोन शब्द पाठ करून जावे.

अरण्यातून धुके वर चढत आहे, हुप्प्या वानरांच्या आरोळ्यांनी रान दुमदुमत आहे आणि समोर चुनखडीच्या दगडाचे पायऱ्यापायऱ्यांचे देवालय उभे आहे, असे पालेंकेचे पहिले दर्शन घडते. नगराचे मूळ नाव लाकामहा, म्हणजे मोठे पाणी. ओतुलुम नावाचा ओढा राजवाड्याच्या कडेने दगडी बांधीव नाल्यातून खेळविलेला आहे. पाकाल नावाचा राजा इ. स. ६१५ मध्ये बाराव्या वर्षी गादीवर बसला आणि ६८३ पर्यंत त्याने राज्य केले. आल्बेर्तो रूस या संशोधकास १९४९ मध्ये शिलालेखांच्या देवालयाच्या फरशीखाली बुजविलेला जिना आढळला. दगडमाती उपसण्यात हंगामामागून हंगाम गेले आणि १९५२ मध्ये तळाशी पाकालची समाधी सापडली. ती आता पाहावयास खुली नाही. परंतु तेथील संग्रहालयात शवपेटीची हुबेहूब प्रतिकृती आहे. तिच्या बाजूंवर राजाचे पूर्वज कोरलेले आहेत. प्रत्येक पूर्वज भूमीतून फळझाडासह उगवतो आहे. कोणी कोकोच्या, कोणी पेरूच्या. पाकालचा गादीवरील हक्क आईकडून आलेला. ती माउलीही त्यांत आहे. वंशावळ कागदावर लिहिलेली आम्ही पुष्कळ पाहिली. बागेसारखी लावलेली प्रथमच पाहिली.

दुसऱ्या दिवशी धबधबे. वीस किलोमीटरांवर मिसोल-हा आहे. सुमारे ३५ मीटरांवरून एकच धार कोसळते आणि तिच्या मागील कपारीतून चालत जाता येते. पुढे साठ-पासष्ट किलोमीटरांवर आग्वा आसूल. तेथील पाण्यात चुनखडीचे क्षार असल्याने ते निळे दिसते आणि त्याच क्षारांच्या थरांनी पायऱ्यापायऱ्यांची कुंडे बनली आहेत. पावसाळ्यात हे पाणी गढूळ होते. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम. प्रवाहास ओढ फार, तेव्हा नेमून दिलेल्या जागीच उतरावे. त्या रस्त्यावर अडवणुकीचे व लुटीचे प्रकार घडलेले आहेत. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि दिवसाउजेडीच परतावे.

त्या वाटेवर दोन नाक्यांवर आमच्याकडून पैसे घेतले, तेव्हा आम्ही कुरकुर केली. गाडीवाला शांतपणे म्हणाला, “पहिला नाका एका गावाचा, दुसरा दुसऱ्याचा. जमीन त्यांची आहे.” मग तो शेजारच्या बाईशी बोलू लागला. ती भाषा स्पॅनिश नव्हती. कोणती, म्हणून विचारले, तर म्हणाला, “चोल. घरची.”

आम्ही ओशाळलो. आदल्या दिवशी सबंध वेळ ‘हे माया लोक गेले कोठे?’ असे आम्ही एकमेकांस विचारीत होतो आणि ज्यांच्या गाडीतून गेलो, ज्यांच्या हातची भाकरी खाल्ली, तेच माया लोक होते. नगर इ. स. ८०० च्या सुमारास ओस पडले. लोक नाहीसे झाले नाहीत. आजही लक्षावधी लोक माया भाषा बोलतात.

ही चूक आमच्या एकट्याची नव्हे. युरोपातील विद्वानांनीही या इमारती कधी फिनिशियनांच्या, कधी इजिप्तच्या लोकांच्या नावावर लावल्या. १८४० मध्ये स्टीफन्स हा प्रवासी चित्रकार कॅदरवुड यासह पालेंकेस आला आणि ही कृती याच भूमीतील लोकांची, असे त्याने ठासून लिहिले. पुढे १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह या रशियन विद्वानाने तेथील लिपीची गुरुकिल्ली शोधली. ती चालविताना आधार मिळाला तो आजच्या माया बोलींचा. शिलालेखांची भाषा चोल भाषेच्याच शाखेतील. म्हणजे राजाचा लेख वाचला गेला, तो चुलीपाशी बसून बोलणाऱ्या आयाबायांनी आपली भाषा जिवंत ठेवली म्हणून!

बंधुभगिनींनो, या स्मरणिकेत आपण दरवर्षी मूळपुरुषाचे गुणगान आणि घराण्यांच्या वंशावळी छापतो. छापाव्यात. परंतु आपल्या घरोघरच्या आजी जे शब्द, ज्या ओव्या, जी नात्यांची नावे बोलतात, ती टिपून ठेवणारा तरुण आपल्यात किती घरी आहे? आमच्या घरी नव्हता. परत आल्यावर आम्ही आमच्या मावशींजवळ वही घेऊन बसलो. त्या शहाण्णव वर्षांच्या आहेत. उशीर झाला, तरी अजून वेळ गेलेली नाही.

पालेंकेस अवश्य जा. वडापनेच जा, नाक्यावरचे पैसे कुरकुर न करता द्या. आणि निघण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांपाशी एक संध्याकाळ बसा; तिला तर काहीच खर्च नाही.