पदवीनंतर पुढे काय? – एम.ए., एम.एस्सी.च्या प्रवेशाविषयी काही प्रश्नोत्तरे



बी.ए., बी.एस्सी.चा निकाल लागला की खेड्यापाड्यांतल्या घरांमध्ये एक प्रश्न उभा राहतो. मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली, आता पुढे शिकवायचे की नाही? आणि शिकवायचे म्हटले तर अर्ज कुठे करायचा, केव्हा करायचा, पैसा कुठून आणायचा? मी महाविद्यालयात शिकवतो. दरवर्षी हे प्रश्न माझ्याकडे येतात, आणि पुष्कळदा ते उशिरा येतात. म्हणून आज त्यांतल्या नेहमीच्या प्रश्नांना एकेक करून उत्तरे द्यावी म्हणतो.

पहिला प्रश्न वडीलमंडळींचा असतो. "गुरुजी, दोन वर्षं आणखी शिकून नोकरी लागेल का?" लागेलच, असे मी कुणालाही सांगत नाही. नुसते घरी बसण्यापेक्षा बरे, एवढ्यासाठी एम.ए. करू नये. पण ज्याला महाविद्यालयात शिकवायचे आहे, संशोधन करायचे आहे, त्याला ही पायरी सहसा टाळता येत नाही. इथे एक आकडा ध्यानात ठेवा. प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी नेट किंवा सेट परीक्षा लागते, आणि पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती, बिगर-क्रिमिलेअर इतर मागासवर्ग आणि दिव्यांग यांना ५० टक्के गुण असावे लागतात. म्हणजे नुसते पास होऊन भागत नाही. आता चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवलेल्यांनाही नेट देता येते, आणि अशी चार वर्षांची पदवी असलेल्यांना एम.ए. एका वर्षात पुरे करण्याची सोयही नव्या शैक्षणिक धोरणात आहे.

दुसरा प्रश्न : "कुठे अर्ज करावा?" याचे तीन मार्ग आहेत. एक, आपल्या जिल्ह्यातले महाविद्यालय. तिथे बहुधा पदवीच्या गुणांवर प्रवेश होतो. दुसरा, विद्यापीठाचा स्वतःचा विभाग. मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड येथे असे विभाग आहेत. तिथे ग्रंथालय मोठे, अध्यापक अधिक, वसतिगृहही असते; काही ठिकाणी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. तिसरा मार्ग राज्याबाहेरचा. दिल्ली, बनारस, हैदराबाद येथील केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सी.यू.ई.टी. नावाची सामाईक परीक्षा होते, आणि आय.आय.टी.तल्या एम.एस्सी.साठी जॅम नावाची. आपली मुले या तिसऱ्या मार्गाकडे बघतसुद्धा नाहीत. ते आपल्यासाठी नाही, असे धरूनच चालतात. पण अर्ज केल्याने काही गमावत नाही, बरं का! तिन्ही मार्गांवर एकेक अर्ज ठेवावा, आणि दूरच्या ठिकाणी जमले नाही तर जवळचे हातचे राहू द्यावे.

माध्यमाचीही धास्ती असते. राज्यातल्या बऱ्याच विद्यापीठांत इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांची उत्तरे मराठीतून लिहिता येतात. मात्र सामाईक परीक्षेचे बहुतेक पेपर इंग्रजी-हिंदीत असतात. त्याची तयारी आधीपासून हवी.

तिसरा प्रश्न : "अर्ज केव्हा?" पुष्कळजण निकालाची वाट बघतात. तिथेच घोटाळा होतो. जॅमचे अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. सामाईक परीक्षेचे अर्जही निकालाच्या कितीतरी आधी भरून संपतात. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला निकालापूर्वी अर्ज करता येतो. तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या गणपती-दिवाळीतच चौकशी सुरू करा. पेरणी पाऊस पडल्यावर होते, पण रान त्याआधीच तयार करावे लागते, हे आपल्याला मी काय सांगावे?

चौथी गोष्ट कागदपत्रांची. ही सांगायला कंटाळवाणी. पण हुशारी असूनही जागा जाते ती पुष्कळदा हिच्यापायी. यादीत नाव लागते, तीन-चार दिवसांची मुदत मिळते, आणि दाखला तहसील कचेरीत अडकलेला असतो! जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास हे कागद सुट्टीतच काढून ठेवा. नॉन-क्रिमिलेअरला मुदत असते. ती संपलेली नाही ना, ते बघा. जातवैधतेला कित्येक महिनेही लागतात. विद्यापीठ बदलणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागते. शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टी.सी., मूळ प्रत देऊन टाकण्यापूर्वी तिच्या झेरॉक्स काढून ठेवा. दहावीच्या सनदेवर, आधारकार्डावर आणि गुणपत्रिकेवर नाव एकसारखे आहे का, तेही पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी विवाहाचा दाखला किंवा राजपत्राची प्रत जवळ ठेवावी. मध्ये एक-दोन वर्षे खंड पडला असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र मागतात. खंड पडला म्हणून दार बंद होत नाही.

पाचवा प्रश्न : "मुलाखतीत किंवा निवेदनात काय सांगावे?" काही संस्था मुलाखत घेतात, परदेशी विद्यापीठे तर लेखी निवेदन आणि बहुधा दोन-तीन शिफारसपत्रे मागतात. अशा वेळी "मला लहानपणापासून या विषयाची आवड आहे" हे वाक्य सगळेच लिहितात. त्यातून काही कळत नाही. समजा, एखादीने भूगोलाच्या प्रकल्पासाठी गावातल्या दहा विहिरींचे पाणी वर्षभर मोजले. कोणत्या विहिरी आधी आटल्या, त्यावरून तिला कोणता प्रश्न पडला आणि तो सोडवायला अजून काय शिकायला हवे, एवढे तिने साध्या भाषेत सांगावे. हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. आपल्या खेड्यातला अनुभव लपवण्याची वस्तू नाही. तीच आपली शिदोरी आहे.

सहावा, आणि सगळ्यांत अवघड प्रश्न : पैसा. हा प्रश्न आजचा नाही. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते महाराजा सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर, आणि १९१५ साली ते एम.ए. झाले. आज शिष्यवृत्त्या पुष्कळ आहेत, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत. राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर एकाच ठिकाणी अनेक योजनांचे अर्ज करता येतात. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाहभत्ता आहे. परदेशी जाणाऱ्यांसाठीही स्वतंत्र शिष्यवृत्त्या आहेत. प्रत्येकीच्या अटी आणि उत्पन्नाची मर्यादा वेगळी; त्या त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा. पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने 'कमवा आणि शिका' योजना चालते. एक सावधगिरी मात्र बाळगा. शिष्यवृत्ती हाती येईपर्यंत महिने जातात. पहिल्या सहामाहीचा खोलीभाडे-खाणावळीचा खर्च आधी धरून चला. त्यासाठी जमीन मात्र विकू नका.

ज्यांना घर सोडता येत नाही, नोकरी आहे, लेकरे लहान आहेत, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ पासून आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. पण "घरबसल्या सहा महिन्यांत एम.ए." अशी जाहिरात दिसली तर दूर राहा. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. फी भरण्याआधी ती पाहावी.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. ज्या घरातून आजवर कुणी पदवीपलीकडे गेले नाही, तिथे या साऱ्या गोष्टी सांगणारे तुमच्यावाचून दुसरे कोण आहे? तुमचा जुना विद्यार्थी वाटेत भेटला, तर "काय करतोस?" एवढेच विचारू नका, "अर्ज केलास का?" असेही विचारा. शिफारसपत्र मागायला आला तर दोन औपचारिक ओळींवर त्याची बोळवण करू नका. त्याने केलेले एखादे काम नावानिशी लिहा. मुलगी शिकू म्हणत असेल आणि घरचे कचरत असतील, तर एक संध्याकाळ काढून तिच्या घरी जाऊन या. वसतिगृह कसे असते, खर्च किती येतो, हे शांतपणे समजावून सांगा. घरच्यांच्या मनात बहुधा विरोधापेक्षा काळजीच जास्त असते, आणि नीट माहिती मिळाली की काळजी पुष्कळ हलकी होते.

आणि मुलांनो, आजच एक वही घ्या. तीन ठिकाणांची नावे, अर्जाच्या तारखा आणि लागणारे दाखले तिच्यात लिहून काढा. जो दाखला नाही, त्याच्यासाठी सोमवारी सेतू केंद्र गाठा.