छज्ज्याखालची खिडकी



मुंबईपासून मालवणपर्यंत किनाऱ्यावरच्या घरांत लाकडी खिडक्या गेल्या आणि पावडर कोटिंगच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या. दुकानदार सांगतो, ‘आता दरवर्षी रंगवायची कटकट नाही.’ ते खरंच आहे. पण आपण त्याचा अर्थ ‘आता बघायलाच नको’ असा घेतो आणि नुकसान तिथून सुरू होतं.

पावडर कोटिंगच्या रंगात थिनर नसतो. विद्युतभारित कोरडी पूड धातूवर फवारतात आणि साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ती वितळून तिचा सलग थर होतो. जाडी बहुधा ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे केसाएवढीच. थर चिवट असतो, पण कापलेल्या टोकाशी आणि नंतर पाडलेल्या स्क्रूच्या भोकाशी तो नसतोच. खारं पाणी नेमकं तिथून शिरतं. अ‍ॅल्युमिनियमवर रंगाखाली दोऱ्यासारख्या नागमोडी रेघा सरकत जातात. हाच रंग दिलेल्या लोखंडी ग्रिलवर आधी बारीक फुगा येतो, मग तांबडा ओघळ.

आता एक गोष्ट घरी जाऊन तपासा. पावसाचा थेट मारा झेलणारी खिडकी पावसाळ्यात आपोआप धुतली जाते. छज्ज्याखालच्या आडोशाला मात्र वाऱ्याबरोबर आलेलं मीठ आणि धूळ साचतच राहते. म्हणजे आपल्याला जी जागा सुरक्षित वाटते, तीच आधी खराब होऊ शकते. शिवाय दिवाळीपासून मृगापर्यंत धुवायला पाऊसही नसतो.

धुणं अगदी सोपं आहे. ऊन उतरल्यावर, धातू गार असताना, बादलीभर पाण्यात थोडा सौम्य साबण घ्या. आधी पाणी ओतून वाळूचे कण घालवा, नाहीतर फडक्याखाली तेच ओरखडे काढतात. मग मऊ फडक्यानं पुसा आणि स्वच्छ पाण्यानं साबण पूर्ण काढा. खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं मोकळी करा. तारेची घासणी, घासपूड, थिनर, संडासाचं अ‍ॅसिड यांपैकी काहीही नको. इमारतीचं काम चालू असेल तर सिमेंटचे शिंतोडे ओले असतानाच धुवा. वाळल्यावर खरवडले की रंगही निघतो.

जुन्या ग्रिलवर बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते ना? उन्हानं वरच्या थरातली राळ फुटल्याची ती खूण. इपॉक्सी पावडर उन्हात फार लवकर अशी होते. म्हणून बाहेरच्या कामाला पॉलिएस्टर पावडरच मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या.

ओरखड्यातून लोखंड दिसलं तर थांबू नका. गंज घासून काढा, प्रायमर द्या, वर जुळता रंग लावा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पावसाबाहेरच्या महिन्यांत निदान दर तीन महिन्यांनी खिडक्या धुवाव्यात, आणि सुरुवात छज्ज्याखालच्या खिडकीपासून करावी.